भाजलेले चिंचोके

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. मला ठाऊक नाही आणि ज्यांना ठाऊक होतं ते आता सांगायला राहिले नाहीत. नदीच्या वळणावर एक लहानसं राज्य होतं. तिथला राजा मोठा शूर. लढाईला निघाला की मागे वळून बघत नसे. पण दरबारात नवरा-बायकोचं भांडण आलं रे आलं, की त्याला दरदरून घाम फुटे आणि तो मागच्या दाराने पसार होई. शेवटी त्याने हात टेकले आणि घरच्या भांडणांचा निवाडा करायला एक बाई नेमली.

तिला सगळे अक्का म्हणत. नगराबाहेर चिंचेचं एक म्हातारं झाड होतं. त्याच्या पारावर अक्काची कचेरी भरे. तिच्या पदराला नेहमी भाजलेले चिंचोके बांधलेले असत. एकेक तोंडात टाकून ती कडाकडा चावी आणि समोरच्याचं ऐकून घेई. पैलवानाचे दात हलावेत असले ते चिंचोके! पण अक्का म्हणायची, "तोंडात काही असलं म्हणजे मधे बोलायचा मोह होत नाही."

त्या राज्यात वाटणीची एक जुनी रीत होती. एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने त्यांतला हवा तो उचलायचा. पुढच्या वाटणीला पाळी उलटायची. बस्स, एवढंच. पण या रीतीने भलेभले लबाड सरळ झाले होते. वाटे करणाऱ्याला पक्कं माहीत असायचं, की एका वाट्यात लोणी आणि दुसऱ्यात ताक ठेवलं, तर ताक आपल्याच पदरात पडणार. म्हणून जो तो मुकाट्याने सारखे वाटे करी. भावाभावांची शेतं अशीच वाटली जात, जावाजावांची भांडीही अशीच.

आता आपल्या गोष्टीतली माणसं. राणोजी नावाचा एक तेली होता. त्याची बायको येसू, मुलगी सोनकी, एक लाकडी घाणा, आणि तो ओढणारा चांद्या नावाचा बैल. राणोजी घाणा हाकी. येसू करडई निवडी, पाखडी आणि घरोघर तेल घाली. सोनकीचे दुधाचे दात पडायला लागले होते. घाणा सुरू झाला की ती मागच्या फळीवर चढून बसे आणि चांद्याबरोबर गोल गोल फिरे. फिरता फिरता तिथेच झोपून जाई.

चांगलं चाललं होतं हो. मग बिनसलं.

चूक कोणाची, असं तुम्ही विचारणारच. सगळ्या गावाने विचारलं, आणि अर्ध्या गावाने न विचारताच ठरवूनही टाकलं. मी ते सांगणार नाही, कारण राणोजीला विचारलं तर एक उत्तर मिळे, येसूला विचारलं तर दुसरं, आणि दोन्ही ऐकताना खरीच वाटत. माणसं दोन्ही बरी होती, पण एका छपराखाली त्यांचं पटेना. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून सुरू झालेलं भांडण एकमेकांच्या आजोबा-पणजोबांना उकरून काढीपर्यंत जाई. शेवटी दोघांनी बोलणंच टाकलं. मग सगळं सोनकीच्या तोंडून चाले.

"सोनके, बाबाला सांग, ताट वाढलंय."

"सोनके, आईला सांग, भूक नाही मला."

तिघंही एकाच चुलीपुढे बसलेली, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, आणि ते एवढंसं पोर इकडचा शब्द तिकडे नेतंय! राणोजीला कधी कधी त्याची लाज वाटे. पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच सुधारतो असं थोडंच आहे?

एके दिवशी दोघं अक्काच्या पारावर आली आणि म्हणाली, "आम्हांला वेगळं व्हायचंय."

अक्काने दोघांकडे बघितलं. समजूत घालून पाहिली, चार दिवस थांबायला सांगितलं. चार दिवसांनी दोघं पुन्हा आली तेव्हा अक्काने मान हलवली. "बरं. आधी चीजवस्तूंचं बघू. राणोजी, तू वाटे कर. येसू, तू उचल."

राणोजी रात्रभर विचार करून आला होता. त्याला वाटे सारखे करायचे नव्हते, नुसते सारखे दिसतील असे करायचे होते. त्याने एका बाजूला घर आणि बैल ठेवला. दुसऱ्या बाजूला घाणा, घाण्याचं छपर आणि करडईचं शेत. चांद्या वासरू असताना त्याची आई मेली होती आणि येसूने त्याला कापडाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं होतं. ती त्याला सोडणं शक्य नाही, हे राणोजीला ठाऊक होतं. आणि घाणा आपल्याकडे आला म्हणजे धंदा आपल्याकडे आला. बैलांना काय तोटा? बाजार भरलाय बैलांनी.

येसूने क्षणभरही विचार केला नाही. "घर आणि बैल," ती म्हणाली.

राणोजी मनातल्या मनात खूश झाला. अक्का चिंचोका चावता चावता थांबली. "नीट विचार केलायस ना रे?"

"केलाय, अक्का."

"तुझी मर्जी," अक्का म्हणाली आणि पुन्हा चावू लागली.

दुसऱ्याच दिवशी राणोजीने बाजारातून एक तगडा बैल आणला. त्याच्या डोळ्यांना झापड बांधली, जू मानेवर ठेवलं, आणि "हो रे राजा" म्हणून पाठीवर थाप मारली. राजा खाली बसला. जो बसला तो उठेचना. दुसरा आणला, त्याने लाथ झाडून करडईची पाटी उडवली. डोळे बांधून, कुठेही न पोचता दिवसभर गोल फिरत राहणं हे काही कुठल्याही बैलाचं काम नाही. ते चांद्याला येसूने आणि राणोजीने मिळून, गूळ चारून चारून शिकवलं होतं. आपण घाणा घेतला आणि धंदा देऊन बसलो, हे राणोजीच्या तेव्हा लक्षात आलं. चिडून त्याने स्वतःच घाण्याला खांदा लावला. दुपारपर्यंत कंबर अशी धरली की शेजाऱ्याने उचलून नेऊन खाटेवर टाकलं.

तिकडे येसूची वेगळीच तऱ्हा. तिने चांद्याला एका गाडीवानाकडे कामाला लावलं. गाडीवानाने भोपळे भरले आणि चांद्याला जुंपून गाडी रस्त्याला लावली. चांद्या चावडीपर्यंत सरळ गेला. चावडीजवळच्या मोकळ्या जागेत पोचल्यावर त्याला आपलं जुनं काम आठवलं. तो गोल फिरू लागला. गाडीवान ओरडतोय, भोपळे घरंगळतायत, पोरं टाळ्या पिटतायत, आणि चांद्या आपला डोळे मिटून, मान खाली घालून, इमानाने गोल गोल फिरतोय! हसताय? हसा. सगळं गाव हसलं. पण त्या दिवसापासून गावात तेलाचा थेंब मिळेना आणि चटणी कोरडी खायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांचं हसू विरलं.

राणोजीला मात्र तेलाचं आणि घाण्याचं आता फारसं वाटत नव्हतं. त्याच्या जिवाला एकच घोर लागला होता. सोनकी कोणाकडे राहणार, हे अजून ठरायचं होतं.

निवाडा होईपर्यंत ती येसूकडे घरी झोपे आणि दुपारची घाण्याच्या छपरात बापाकडे येई. बंद पडलेल्या घाण्याच्या फळीवर ती पाय हलवत बसे. राणोजी तिला गुळाचा खडा देई, आणि दिला की विचारल्याशिवाय त्याला राहवत नसे, "आई काय म्हणते गं माझ्याबद्दल?"

सोनकी आधी त्याच्या तोंडाकडे बघे. मग म्हणे, "काही नाही. मला इथेच आवडतं, बाबा. तुझ्याकडे."

एवढं ऐकलं की राणोजीचा ऊर भरून येई. घर गेलं तर जाऊ दे, बैल गेला तर जाऊ दे, त्याला वाटे, पोर आपली आहे. ती जाता कामा नये. ती गेली तर मग उठायचं कशासाठी आणि चूल पेटवायची कोणासाठी?

अखेर तो दिवस उजाडला. पारावर अक्का बसलेली, एका अंगाला राणोजी, दुसऱ्या अंगाला येसू. सोनकी जरा लांब, झाडाखाली पडलेल्या चिंचा ओच्यात गोळा करत होती.

"लेकीचं काय करायचं?" अक्काने विचारलं.

"तिलाच विचारा," राणोजी ताडकन म्हणाला. "ती सांगेल तुम्हांला, तिला कुठे राहायचंय ते."

"विचाराच," येसू म्हणाली. "माझी काही हरकत नाही. होऊन जाऊ द्या."

अक्काने तोंडातला चिंचोका गालात सरकवला. तिने एकदा याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग लांब बसलेल्या पोरीकडे बघत ती हळू आवाजात म्हणाली, "नाही विचारायची मी तिला."

"का पण?"

"तुम्ही दोघंही किती खात्रीने बोलताय! याचा अर्थ कळतो का तुम्हांला? तिने दोघांनाही तेच सांगितलंय. ज्याच्यापुढे बसायचं त्याला जे ऐकायचं असेल ते. अरे, एवढंसं पोर, दुधाचे दात पडतायत अजून, आणि रोज आईबापांची तोंडं वाचून बोलतंय. तिला मी आणखी इथे बोलावून कोणाचं तरी मन मोडायला लावू?"

राणोजीला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्याने येसूकडे बघितलं. तिचाही चेहरा उतरला होता. म्हणजे खरंच तिलाही तेच सांगत होती की काय पोर? 'मला इथेच आवडतं, आई. तुझ्याकडे.' त्याला आठवलं, बोलायच्या आधी सोनकी नेहमी आपल्या तोंडाकडे बघते. आपल्याला वाटायचं, मायेने बघते.

पण माणसाचं मन मोठं हट्टी असतं. घाव बसला की ते शहाणं होत नाही, उलट आणखी घट्ट धरतं. राणोजी म्हणाला, "मग रीतीप्रमाणे करा, अक्का. पोर वाटता येत नाही, पण तिचे दिवस तर वाटता येतील? या खेपेला हिने वाटे करावेत. मी उचलीन."

"मला कबूल आहे," येसू म्हणाली.

अक्काने गालातला चिंचोका कडकन फोडला. "बघा बाबांनो. रीत तुमची, पोर तुमची."

झाडाखाली चिंचोक्यांना काय कमी? वर्षाचे जेवढे दिवस तेवढे चिंचोके गोळा करून पारावर ढीग घातला. सणाचे दिवस ओळखू यावेत म्हणून अक्काने हळद आणवली आणि येसूने ते चिंचोके हळदीत घोळून पिवळे केले. हा दिवाळीचा, हा संक्रांतीचा, हा नागपंचमीच्या झोक्याचा, हे जत्रेचे, हे हुरड्याचे. मग दोन सुपं पुढे ओढून तिने वाटे घातले. एका सुपात सगळे पिवळे चिंचोके आणि थोडे साधे. दुसऱ्या सुपात नुसते साधे, पण सूप शिगोशीग भरलेलं. येसूला पुष्कळ दिवस हवे होते, हे तिच्या हातांवरून कोणालाही कळलं असतं.

"उचल, राणोजी," अक्का म्हणाली.

राणोजी सुपांकडे बघत राहिला. साध्या दिवसांत असतं काय? नाक पुसा, वेणी घाला, रुसवे काढा. आणि पिवळ्या दिवसांत? नवा परकर, रेवड्या, पाळणे, हसणं-खिदळणं. लेकरू ज्याच्याबरोबर हसतं त्यालाच जन्मभर आठवतं. मग भले तिच्याकडे ढीगभर दिवस राहू देत, सोनकीच्या मनात आपणच राहू. मनातल्या मनात त्याने हा सगळा व्यवहार मांडला आणि पिवळ्या सुपाकडे हात नेला.

"जरा थांब."

अक्काने पदराची गाठ सोडली. मूठभर भाजलेले, काळेकुट्ट चिंचोके तिने दोन सुपांच्या मधे दगडावर ओतले. "हे राहिलेच की."

"हे कसले?" राणोजीने विचारलं.

"हेही दिवसच आहेत. यांची तिथी नसते, एवढंच. तापाचे दिवस. कान ठणकतो ते. मैत्रिणीने कट्टी घेतली म्हणून उशीत तोंड खुपसून रडायचे. झाडावरून पडून हात मोडायचे. आणि तू मला आवडत नाहीस, जा, असं तुमच्या तोंडावर ओरडायचे. हे कुठल्या सुपात टाकू? ज्याला नको असतील त्याने आत्ताच सांगा, माझं काही म्हणणं नाही."

"माझ्या सुपात टाका!"

हे राणोजी म्हणाला. पण हे येसूही म्हणाली, आणि दोघांचं इतकं एकदम निघालं की फांदीवरचा कावळा दचकून उडाला. राणोजीने एक सूप पुढे केलं होतं, पण ते पिवळं की साधं हे त्याने बघितलंच नव्हतं; जे हाताला आलं ते उचललं होतं. दुसरं येसूच्या हातात होतं. बऱ्याच दिवसांनी दोघं समोरासमोर एकमेकांकडे बघत होती.

आणि राणोजीला गोवर आठवला. सोनकीला गोवर आला होता तेव्हाची गोष्ट. पोरीचं अंग तव्यासारखं तापलेलं. येसू तिला मांडीवर घेऊन कडुलिंबाच्या डहाळीने वारा घालत होती आणि आपण कोमट तेलाने तिचे तळवे चोळत होतो. तेव्हाही आमचं धड नव्हतं, पण त्या दिवसांत भांडायचं दोघांनाही सुचलं नाही. सोनकीने एका मुठीत आईचा पदर धरला होता आणि दुसऱ्या मुठीत बापाचा अंगठा. तशीच झोपली होती ती. अंगठ्याला मुंग्या आल्या तरी आपण हात काढला नव्हता.

राणोजीने सूप खाली ठेवलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

"अक्का," तो म्हणाला, "ताप चढला की ती आई आई करते. त्या वेळी माझ्या एकट्याकडे असली तर तिला बरं वाटायचं नाही. हिच्याकडेच राहू दे. फक्त मला येऊन बसू द्या."

येसूनेही आपलं सूप खाली ठेवलं. "आणि ताप उतरायला लागला की बाबा कुठाय म्हणते," ती म्हणाली. "हे घरी नव्हते तेव्हा पेज गिळली नाही तिने. माझ्या हातून घेतच नाही."

अक्काने एक मोठा सुस्कारा सोडला. "बाई गं, किती वेळ लावलात! तुमच्यापैकी एकानेही म्हटलं असतं ना, की हे काळे दिवस त्याच्याकडे टाका, तिच्याकडे टाका, तर मी दोन्ही सुपं दुसऱ्याच्या हवाली करून घरी गेले असते. पण तुम्ही दोघांनीही हात पुढे केलात. मग आता पोरीला दोघंही हवीत, आणि दोघंही मिळतील." मग तिने हाक मारली, "सोनके, इकडे ये बाळ."

सोनकी चिंचांचा ओचा सावरत आली. सवयीने तिने आधी बापाच्या तोंडाकडे बघितलं, मग आईच्या. दोघंही रडत होती, त्यामुळे काय बोलायचं ते तिला कळेना.

"त्या चिंचा ठेव खाली. ओचा पसर," अक्का म्हणाली, आणि तिने दोन्ही सुपं, पिवळी काय आणि साधी काय, सगळी त्या परकरात रिकामी केली. "हे सगळे दिवस तुझे. तुझे आहेत ते तुझ्याकडेच राहणार. ही दोघं उगाच तुझी चीज वाटून घेत बसली होती."

मग तिने काळ्या चिंचोक्यांचे दोन वाटे केले आणि एक राणोजीच्या, एक येसूच्या ओंजळीत घातला. "आणि हे तुमचे. तुम्हांला वाटून घेण्यासारखं एवढंच आहे."

सोनकीने ओच्यातल्या ढिगाकडे बघितलं. "मग मी राहू कुठे?" तिने विचारलं. इतक्या महिन्यांत हे तिला कोणाला विचारताच आलं नव्हतं.

तेव्हा अक्काने निवाडा सांगितला, तोही सोनकीलाच. "तू घरी झोपायचं, आईजवळ. तुझ्या मैत्रिणी तिथे आहेत, तुझी गोधडी तिथे आहे. दुपार कलली की घाण्यावर, बाबाजवळ, दिवेलागणीपर्यंत. सणाला सकाळी एकाकडे जेवायचं, संध्याकाळी दुसऱ्याकडे. पोट दुखलं तर सांगायचं. आणि तुला बरं नसलं, की दोघांनाही दोन्ही दारं उघडी. कोणी कोणाला विचारायचं नाही, कोणी कोणाला अडवायचं नाही." मग ती मोठ्यांकडे वळली आणि तिचा आवाज चढला. "आणि एक सांगून ठेवते. एकमेकांना काही सांगायचं असेल तर देवाने तोंड दिलंय, ते उघडा. या पोरीच्या हाती पुन्हा एक जरी निरोप धाडलात, तरी मला कळेल, आणि मग माझ्याशी गाठ आहे!"

मग राणोजीने घसा खाकरला. पोरीला मधे न घेता येसूशी बोलायचं म्हणजे काय, हे त्याला जवळजवळ नव्याने शिकायचं होतं.

"येसू," तो म्हणाला, "सकाळी चांद्याला घाण्यावर धाडशील का? मी ते वाटे लबाडीनेच केले होते."

"कळलं होतं मला," येसू म्हणाली. "म्हणून तर एवढ्या पटकन उचलला. मलाही तुम्हांला खांदा लावताना बघायचं होतं." आणि कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं. "धाडीन. तेल मी विकीन, पहिल्यासारखं. येईल त्यातलं अर्धं तुमचं, अर्धं माझं. पण पेंड चांद्याची. ती विकायची नाही."

"नाही विकणार."

"आणि दुपारी झापड काढायची. विसरता तुम्ही."

"काढीन म्हटलं ना!"

"झालं सुरू?" अक्का म्हणाली आणि तिने उरलेला एक चिंचोका तोंडात टाकला.

घाणा पुन्हा फिरू लागला. गावाच्या चटणीवर तेल आलं. राणोजीने छपराच्या शेजारी एक खोली बांधली, येसू घरी राहिली. नाही, ती दोघं पुन्हा एका घरात नांदायला गेली नाहीत. उगाच आशेने बघू नका. काही माणसं वेगळी राहूनच बरी राहतात. पण सकाळी बैल सोडायला येताना येसू छपराच्या दाराशी उभी राही आणि काय सांगायचं ते आपल्या तोंडाने सांगे. कधी ते सरळ असे, कधी त्यात चिमटा असे. राणोजीही आपल्या तोंडाने उत्तर देई. काळे चिंचोके त्याने एका कोनाड्यात ठेवून दिले होते.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी येसू बैलाची वेळ नसताना आली. पदराला हातही न पुसता, तशीच. "सोनकीचं अंग तापलंय," ती म्हणाली.

राणोजी उठला तो तसाच निघाला. चांद्या झापडीसकट घाण्याला तसाच राहिला. शेजाऱ्याने सोडवेपर्यंत तो एकटाच शहाण्यासारखा गोल फिरत होता म्हणे.

दोघं अंथरुणाच्या दोन बाजूंना बसली. येसू कपाळावर ओल्या कापडाची घडी बदलत होती, राणोजी तळवे चोळत होता. संध्याकाळी ताप थोडा उतरला आणि सोनकीने डोळे उघडले. तिने कोणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही. आढ्याकडे बघतच ती म्हणाली, "मला तुमचा दोघांचा राग आला होता. खूप खूप राग आला होता."

"हो गं माझे बाई," येसू म्हणाली.

"येणारच," राणोजी म्हणाला. "येऊ दे हं. आम्ही इथेच आहोत."

मग सोनकीने एका मुठीत आईचा पदर धरला, दुसऱ्या मुठीत बापाचा अंगठा धरला, आणि ती झोपली. राणोजीला रडूही येत होतं आणि आनंदही मावत नव्हता. पोरीने आज दोघांना एकच गोष्ट सांगितली होती, आणि ती खरी होती.

तेव्हापासून त्या राज्यात घर वाटायला, शेत वाटायला, भांडी वाटायला ती जुनी रीतच राहिली. पण लेकराचा प्रश्न आला, की सुपं पुढे ओढायच्या आधी पारावर मूठभर भाजलेले चिंचोके ओतले जाऊ लागले, आणि हे कोण घेणार, असं पहिल्यांदा विचारलं जाऊ लागलं. बहुतेक वेळा दोन हात एकदमच पुढे येत. मग बाकीचं ठरायला फार वेळ लागत नसे.

तात्पर्य: आईबाप वेगळे झाले तरी लेकराचे दिवस लेकराचेच असतात, दोघांनी वाटून घ्यायची ती फक्त त्याची काळजी.